जुन्या लॅपटॉपवर साधी सॉफ्टवेअर, निवांत खेळ : प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर २०२५ : यंत्र आणि कसोटी

हाताशी असलेलं यंत्र: ६४ बिट, दोन कोअरचा प्रोसेसर, २ जीबी रॅम, इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स, १३६६ × ७६८ चा पडदा. फिरती हार्ड डिस्क काढून १२० जीबीची साटा एसएसडी बसवली आहे. जुन्या यंत्रावर सगळ्यात जास्त फरक याच एका बदलाने पडतो, रॅम वाढवण्याचा नंबर त्यानंतर.

काम काय: मजकूर लिहिणं, पीडीएफ वाचणं, गाणी ऐकणं, आणि डोकं शिणलं की खेळणं. ब्राउझर यादीत आहे, पण शेवटी. २ जीबीवर आजची जड संकेतस्थळं दोन-तीन टॅबांतच यंत्र बसवतात, त्याला कुठलंही हलकं डिस्ट्रो (लिनक्सचं वितरण) उपाय नाही.

निवडीची कसोटी एकच ठेवली आहे. काम अर्ध्यावर सोडून झाकण लावलं आणि बऱ्याच दिवसांनी उघडलं, तर तिथूनच पुढे जाता आलं पाहिजे. नेट नसताना, खातं न उघडता, आणि फाइली दुसऱ्या यंत्रावर उचलून नेल्या तरीही. खेळांनाही हेच लागू. शिवाय खेळात डोक्यावर घड्याळ नको आणि चाल मागे घेता यावी. ‘हलकं’ म्हणून मिरवणारं बरंच काही या कसोटीत गळतं आणि दिसायला जुनाट वाटणारं बरंच काही टिकतं.

९ नोव्हेंबर : डेबियन १३

डिस्ट्रो म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली डेबियन १३ ‘ट्रिक्सी’ निवडली. ३२ बिट यंत्र असतं तर हा मार्ग बंद होता, कारण या आवृत्तीपासून आय३८६ साठी, म्हणजे ३२ बिट प्रोसेसरसाठी, इन्स्टॉलर आणि कर्नल (सिस्टिमचा गाभा) दोन्ही नाहीत. तसल्या यंत्राला डेबियन १२ वर थांबावं लागतं.

नेटइन्स्ट प्रतिमा (बाकीचं नेटवरून आणणारा छोटा इन्स्टॉलर) उतरवून तिचा चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का हे सांगणारा आकडा, ताडून पाहिला, मग ‘डीडी’ या आज्ञेने पेनड्राइव्हवर लिहिली. प्रतिमा पूर्ण उपकरणावर लिहायची, म्हणजे ‘एसडीबी’वर, ‘एसडीबी१’ या विभागावर लिहिली तर आज्ञा तक्रार न करता पूर्ण होते आणि यंत्र मात्र पेनड्राइव्हवरून सुरू होत नाही. लिहिण्याआधी ‘एलएसबीएलके’ने उपकरणाचा आकार पाहून खात्री करावी. नाव एका अक्षराने चुकलं तर आतली डिस्क पुसली जाते.

इन्स्टॉलरमध्ये दोन ठिकाणी लक्ष द्यायचं. रूटचा, म्हणजे यंत्राच्या मुख्य खात्याचा, पासवर्ड रिकामा सोडला की पहिल्या वापरकर्त्याला सुडोचा (रूट म्हणून आज्ञा चालवण्याचा) अधिकार आपोआप मिळतो. आणि पॅकेजांच्या निवडीच्या पडद्यावर डेस्कटॉप आणि ग्नोम या दोन्हींवरची खूण काढायची, ‘स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज’ तेवढं ठेवायचं. वायफायचं फर्मवेअर डेबियन १२ पासून इन्स्टॉलरच्या प्रतिमेतच असतं, त्यामुळे पूर्वीसारखा वेगळा पेनड्राइव्ह लागत नाही.

१० नोव्हेंबर : वायफाय आणि रॅम

डेस्कटॉपशिवाय, वायफायवरून इन्स्टॉल केलं की हमखास भेटणारी अडचण: नंतर नेटवर्कमॅनेजर बसवला तरी तो वायफायला हात लावत नाही, उपकरण ‘अनमॅनेज्ड’ दाखवतो. कारण इन्स्टॉलरने वायफायची माहिती ‘इंटरफेसेस’ फाइलीत (ईटीसी फोल्डरातल्या ‘नेटवर्क’मध्ये) लिहून ठेवलेली असते, आणि तिथे नाव असलेल्या उपकरणात नेटवर्कमॅनेजर ढवळाढवळ करत नाही. त्या फाइलीतल्या वायफायच्या ओळींपुढे हॅशचं चिन्ह टाकायचं, ‘लो’ची (यंत्राच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीची) ओळ तशीच ठेवायची, यंत्र पुन्हा सुरू करायचं. मग ‘एनएमटीयूआय’मधून जोडणी करायची. ओळींना हॅश लावण्याआधी नेटवर्कमॅनेजरचं पॅकेज बसलेलं असलं पाहिजे, नाहीतर जोडणीही गेली आणि पॅकेज आणायची वाटही गेली.

रॅमसाठी झेडरॅम, म्हणजे रॅमचाच काही भाग दाबून स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा) म्हणून वापरणं. ‘झेडरॅम-टूल्स’ पॅकेज बसवून त्याच्या डिफॉल्ट फाइलीत अल्गोरिदम एलझेड४ आणि टक्केवारी ५० ठेवली. झेडएसटीडी जास्त दाबून बसवतो, पण जुन्या प्रोसेसरवर त्याची किंमत जाणवते. सोबत एसएसडीवर २ जीबीची साधी स्वॅप आहे, तिचा प्राधान्यक्रम खाली. झेडरॅम म्हणजे शेवटी रॅमच. त्यात हायबरनेट करता येत नाही, त्याला डिस्कवरची स्वॅप लागते.

ट्रिक्सीत ‘टीएमपी’ फोल्डर आता रॅममध्ये असतो आणि कमाल निम्मी रॅम घेऊ शकतो. १६ जीबीच्या यंत्रावर कुणाला पत्ताही लागत नाही. २ जीबीवर एखादी मोठी झिप तिथे उलगडली की सगळं अडखळतं. ‘टीएमपी डॉट माउंट’ हे युनिट सिस्टमसीटीएलने मास्क केलं आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. आता तो फोल्डर डिस्कवर आहे.

१२ नोव्हेंबर : खिडक्यांचा कारभार

डीडब्ल्यूएम, ओपनबॉक्स आणि आइसडब्ल्यूएम या विंडो मॅनेजरांत (खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामांत) निवड होती. डीडब्ल्यूएमचा कोड दोन हजार ओळींच्या आत ठेवण्याचा दंडक आहे आणि तो वाचण्यासारखा आहे, पण एखादी कळ बदलायची तर हेडर फाइल बदलून पुन्हा कंपाइल करावं लागतं. ज्याला ते आवडतं त्याने जरूर करावं. ओपनबॉक्सला पट्टी, घड्याळ, मेनू सगळं बाहेरून जोडावं लागतं. १९९७ पासून चालत आलेल्या आइसडब्ल्यूएममध्ये पट्टी, घड्याळ, खिडक्यांची यादी, पार्श्वभूमी सगळं घरचं आहे आणि सगळ्या सेटिंगा साध्या मजकुराच्या चार-पाच फाइलींत. तोच घेतला.

‘प्रेफरन्सेस’ फाइलीचा सिस्टिममधला नमुना घरच्या फोल्डरात कॉपी केला. त्यात प्रत्येक पर्याय हॅशसकट लिहिलेला असतो, शेजारी खुलासा असतो. हवा त्याचा हॅश काढायचा. सीपीयू आणि नेटवर्कचे पट्टीवरचे आलेख बंद केले. निवांत बसायच्या यंत्रावर सतत हलणारी रेघ कशाला? बॅटरीचा आकडा ठेवला. ‘स्टार्टअप’ फाइलीला चालवण्याची परवानगी द्यावी लागते. दिली नाही तर आइसडब्ल्यूएम ती मुकाट्याने सोडून देतो, चूक कुठेच दाखवत नाही.

लॉगिन मॅनेजर बसवला नाही. पहिल्या टर्मिनलवर लॉगिन झालं की प्रोफाइल फाइलीतली एक ओळ ‘स्टार्टएक्स’ चालवते, म्हणजे एक्स ही पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा सुरू करते. तिच्यापुढे ‘एक्झेक’ लावायचं, म्हणजे एक्स बंद पडला तर मागे उघडं शेल राहत नाही, थेट लॉगिन येतं.

इथे डेबियनची एक खोच आहे. इंटरनेटवरचे बहुतेक धडे घरच्या फोल्डरात ‘एक्सइनिटआरसी’ लिहायला सांगतात. डेबियनवर तसं केलं की सिस्टिमची ‘एक्ससेशन’ स्क्रिप्ट पूर्ण वगळली जाते, आणि डी-बस, एसएसएच एजंट, आयबससारखी टंकलेखनाची साधनं यांची तयारी तिच्यातच होते. परिणाम: सगळं चालू दिसतं, फक्त आयबसमधून मराठी उमटत नाही. फाइलीचं नाव ‘एक्ससेशन’ ठेवायचं, त्यात ‘एक्झेक आइसडब्ल्यूएम-सेशन’ ही ओळ, बस्स.

टचपॅडवर टिचकी मारून क्लिक होत नाही, तेही डेस्कटॉप नसल्यामुळेच. टचपॅड हाताळणाऱ्या लिबइनपुटमध्ये ही सोय मुळात बंद असते. एक्सच्या कॉन्फिग फोल्डरात छोटी फाइल ठेवून ‘टॅपिंग’ चालू करावं लागतं.

एवढं झाल्यावर नुसत्या चालू यंत्राचा रॅमवापर पाव जीबीच्या आसपास आहे.

१५ नोव्हेंबर : देवनागरी

फॉन्ट म्हणून लोहित देवनागरी आणि नोटो सान्स देवनागरी. नोटोचं ‘कोअर’ पॅकेज जगभरच्या लिप्या घेऊन येतं, जागा कमी असेल तर लोहित एकटा पुरतो. लोहितचं खास मराठीसाठीचं वेगळं पॅकेजही आहे, ल आणि श यांची मराठी वळणं हवी असतील तर ते.

टंकलेखनासाठी आयबस ठेवलाच नाही. एक्सच्या कीबोर्ड-व्यवस्थेत, म्हणजे एक्सकेबीमध्ये, भारतीय लेआउटखाली मराठीचा कागप फोनेटिक प्रकार आहे. इन्स्क्रिप्टची सवय असलेल्यांसाठी तोही आहे. ‘सेटएक्सकेबीमॅप’ची एक ओळ ‘एक्ससेशन’मध्ये टाकली: पहिला लेआउट अमेरिकन, दुसरा मराठी, ऑल्ट-शिफ्टने अदलाबदल. पार्श्वभूमीला चालणारा एक प्रोग्राम कमी झाला.

याचे दोन दुष्परिणाम आहेत. मराठी लेआउट चालू असताना एकाक्षरी कळांवर चालणारे प्रोग्राम (गाण्यांचा सीएमयूएस, पीडीएफचा झथुरा, पुढे येणारी कोडी) मुके होतात, कारण ‘यू’च्या जागी त्यांना देवनागरी अक्षर मिळतं. आणि पडदा मराठी लेआउटमध्ये कुलूपबंद झाला तर योग्य पासवर्डही चुकीचा ठरतो. टाइप केलेली अक्षरं दिसत नाहीत, त्यामुळे काय बिघडलं ते कळत नाही. म्हणून कुलपाची आज्ञा थेट न देता तीन ओळींची स्क्रिप्ट केली: आधी लेआउट अमेरिकन, मग पडद्याला कुलूप लावणारा आय३लॉक, तो सुटला की पुन्हा दोन्ही लेआउट. यंत्र झोपताना कुलूप चालवणाऱ्या ‘एक्सएसएस-लॉक’ला हीच स्क्रिप्ट दिली आहे, म्हणजे झाकण लावल्यावरही तीच चालते.

टर्मिनलबद्दल अपेक्षा आवरत्या ठेवाव्यात. एक्सटर्म किंवा सुकलेसचं एसटी अक्षरं चौकटीत बसवतात, जुळवत नाहीत. ‘किती’मधली पहिली वेलांटी क च्या पुढे जाऊन बसते, ‘विज्ञान’मधला ज्ञ सुटून ज, हलन्त, ञ असा वेगवेगळा दिसतो, आणि कर्सर भलतीकडे उभा राहतो. फाइलीत मात्र सगळं बरोबर असतं. हा फॉन्टचा दोष नव्हे, तेव्हा फॉन्ट बदलत बसू नये. मराठी मजकुरासाठी माउसपॅड किंवा जिनी: दोन्ही पँगो आणि हार्फबझमार्फत अक्षरं जुळवतात. टर्मिनलमध्ये ज्या फाइली हाताळायच्या त्यांची नावं रोमनमध्ये.

मराठी नावंच ठेवायची असतील तर ईएक्सटी४ वर (लिनक्सची नेहमीची डिस्क-मांडणी) नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, अक्षरांची नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. म्हणजे काना-मात्रा-हलन्त धरून ८५ चिन्हं. उतरवलेल्या लेखांची लांबलचक शीर्षकं इथेच अडकतात.

१८ नोव्हेंबर : रोजची साधनं

वाचायला झथुरा आणि त्याचं पॉपलर प्लगइन. ‘एस’ने रुंदीला बसवणं, ‘ए’ने पूर्ण पान, कंट्रोल-आर ने रंग उलटणं, टॅबने अनुक्रमणिका. बंद केलेलं पुस्तक पुढच्या वेळी त्याच पानावर उघडतं, म्हणजे कसोटीला उतरला. म्यूपीडीएफ वेगाने सरस आहे, जड स्कॅनसाठी तोही ठेवला.

गाण्यांना सीएमयूएस: ‘सी’ थांबवतो, ‘बी’ पुढचं, ‘झेड’ मागचं. चित्रफितींना एमपीव्ही, पण या ग्राफिक्सवर ७२० ओळींच्या वर जाऊ नये. फाइलींसाठी पीसीमॅनएफएम.

कामांची यादी टूडू-टीएक्सटी पद्धतीने: एका ओळीत एक काम, कंसात अग्रक्रम, अधिक चिन्हाने प्रकल्प, झालेल्या ओळीच्या सुरुवातीला एक्स. यासाठी कुठलंच ॲप लागत नाही, शोधायला ‘ग्रेप’ आणि क्रम लावायला ‘सॉर्ट’ या आज्ञा पुरतात.

मात्र मराठीत ‘ग्रेप’ वापरताना एक खाचखळगा माहीत असावा. ‘दुसऱ्या’ हा शब्द फाइलीत निदान तीन तऱ्हांनी साठवलेला सापडतो: ऱ हे एकच चिन्ह आणि हलन्त, र, नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच. एका तऱ्हेने शोधलं तर बाकीच्या दोन तऱ्हांच्या ओळी सापडत नाहीत आणि नोंदच नव्हती असं वाटतं. पहिल्या दोन युनिकोडच्या दृष्टीने समतुल्य आहेत, एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणल्या की एकच होतात. ‘यूकॉन्व्ह’ने ते काम एका फटक्यात होतं. तिसरी तऱ्हा तशी बदलत नाही. तिच्यासाठी ‘सेड’ने बदल करायचा किंवा शोधताना मधल्या अक्षरांच्या जागी ‘काहीही चालेल’ असा नमुना द्यायचा. नव्या लिखाणात कीबोर्ड एकच ठेवला की प्रश्न वाढत नाही.

२२ नोव्हेंबर : सायमन टॅथमची कोडी

पुट्टी या दूरच्या यंत्रावर लॉगिन करायच्या प्रोग्रामचे लेखक सायमन टॅथम यांचा हा कोड्यांचा संच एमआयटी परवान्याखाली आहे. डेबियनमध्ये पॅकेजचं नाव ‘एसजीटी-पझल्स’, आणि प्रत्येक खेळाच्या आज्ञेआधी ‘एसजीटी’ हा उपसर्ग. निवांत खेळ म्हणजे काय, हे या संचाइतकं नीट दुसरं कुणी सोडवलेलं नाही. कोडं त्याच क्षणी तयार होतं, आकार आणि अवघडपणा आपण ठरवायचा, चाली हव्या तितक्या मागे घ्यायच्या. घड्याळ फक्त ‘माइन्स’मध्ये आहे, तेही कोपऱ्यात. आणि तिथेही सुरुंग अशा रीतीने मांडलेले असतात की पहिल्या क्लिकनंतर अंदाजाने पाय टाकायची वेळ येत नाही. नुसत्या तर्काने सुटतं. फुटलाच तर चाल मागे घेता येते, फक्त खालच्या पट्टीवर मृत्यूचा आकडा वाढतो. गुन्ह्याची नोंद राहते, शिक्षा नाही.

सुरुवात ‘नेट’पासून करावी. चौकटी फिरवून सगळ्या तारा मधल्या केंद्राला जोडायच्या. डावं क्लिक घड्याळाच्या उलट, उजवं घड्याळाप्रमाणे, मधलं बटण किंवा ‘एस’ कळ चौकट पक्की करते. कडेच्या चौकटींपासून लागायचं, कारण कडेबाहेर तार जाऊ शकत नाही. कड जोडलेला प्रकार घेतला तर हा आधारच जातो आणि कोडं एकदम वरच्या पायरीवर जातं. ‘अनटँगल’मध्ये ठिपके ओढून रेषांचा गुंता सोडवायचा, त्यात हरणं असा प्रकारच नाही. ‘लूपी’ आणि ‘गॅलक्सीज’ सावकाश बसून करायचे. ‘सोलो’ म्हणजे सुडोकू, पण त्यातली ‘अनरीझनेबल’ पातळी टाळावी. तिथे तर्क संपतो आणि करून पाहा, मागे फिरा सुरू होतं.

आता कसोटी. इथे हा संच नापास होता होता वाचतो. खिडकी बंद केली की डाव जातो, आपोआप साठवण नाही, आणि ‘क्यू’ कळ विचारल्याशिवाय खिडकी बंद करते. नव्या आवृत्त्यांत कंट्रोलशिवायच्या कळा बंद करण्याचा पर्याय प्रेफरन्सेसमध्ये आहे, तो आधी लावावा. ‘एन’ने नवा डाव सुरू झाला तर घाबरायचं नाही, ‘अनडू’ केलं की जुना परत येतो.

डाव साठवण्याच्या फाइली मात्र नमुनेदार आहेत. साधा मजकूर: प्रत्येक ओळीत आठ अक्षरांचं नाव, मग लांबीचा आकडा, मग माहिती. कोड्याचं वर्णन आणि त्यानंतर एकेक चाल ओळीने लिहिलेली. त्यामुळे बऱ्याच दिवसांनी फाइल उघडली तरी मागे घ्यायची चालींची साखळी शाबूत असते. हाताने काही बदललं आणि लांबीचा आकडा तसाच राहिला, तर फाइल उघडत नाही. आइसडब्ल्यूएमच्या मेनूत ‘कालचं कोडं’ अशी एक नोंद केली. ती साठवलेली फाइल थेट उघडते.

कोडं दुसऱ्याला द्यायचं तर त्याचा ओळखक्रमांक पाठवायचा. त्यातल्या अपूर्णविरामानंतरचा (:) भाग म्हणजे कोड्याचं पूर्ण वर्णन. हॅशनंतरचा भाग म्हणजे फक्त यादृच्छिक बीज. कोडं तयार करण्याचा कोड मधल्या काळात बदलला असेल तर त्याच बीजातून वेगळं कोडं निघू शकतं. म्हणून अपूर्णविरामाचा प्रकार पाठवावा.

२९ नोव्हेंबर : पत्ते, आणि न घेतलेले खेळ

केपेशन्स हा एकट्याने खेळायच्या पत्त्यांचा संच बसवताना केडीई या डेस्कटॉपची बरीच लायब्ररी सोबत येते. पॅकेज बसवणारा एपीटी हो म्हणायच्या आधी आकडा दाखवतो, तो वाचावा. तरी ठेवला, कारण बंद करताना डाव लक्षात ठेवण्याचा पर्याय त्यात आहे आणि चालू डाव अजून जिंकता येतो की नाही हे आतला सोडवणारा सांगतो. अडलेला डाव तासभर रेटण्यापेक्षा ते बरं. फ्रीसेल हा निवांतपणाला सगळ्यात योग्य प्रकार: सगळे पत्ते उघडे, नशिबाचा भाग फक्त वाटपात. पूर्वी विंडोजसोबत येणाऱ्या मूळ ३२,००० क्रमांकित डावांत न सुटणारा डाव एकच, ११९८२ क्रमांकाचा.

टर्मिनलवरचे खेळ चाळले. ‘बॅस्टेट’ हा टेट्रिस मुद्दाम त्या क्षणी सगळ्यात नको असलेला तुकडा देतो. कल्पना झकास आहे, या यंत्रावर जागा नाही.

लुआंटी, म्हणजे २०१० साली सुरू झालेलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नाव बदललेलं, ठोकळ्यांचं जग बांधायचं माइनटेस्ट, क्रिएटिव्ह मोडमध्ये आणि इजा बंद करून अतिशय शांत खेळ आहे. दृश्याची मर्यादा ६० ठोकळे, फ्रेमची कमाल ३०, गुळगुळीत प्रकाश बंद असं करून चालतो. जग सतत साठवलं जातं, म्हणजे कसोटीलाही उतरतो. पण पंखा थांबत नाही. ४ जीबी आणि जरा बऱ्या ग्राफिक्सच्या यंत्रासाठी राखून ठेवला. खेळ उघडल्यावर नुसतं इंजिन दिसलं तर गोंधळू नये; आतल्या सूचीतून एखादा खेळ, जसा मिनेक्लोनिया, वेगळा उतरवावा लागतो.

६ डिसेंबर : ओपनटीटीडी शांत करणं

ओपनटीटीडी म्हणजे ‘ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स’ या जुन्या खेळावर बेतलेला, रेल्वे-वाहतुकीचं जाळं उभारायचा मुक्त खेळ; २००४ पासूनचा प्रकल्प. ओपनजीएफएक्स ही मुक्त चित्रं आल्यामुळे मूळ खेळाच्या फाइली लागत नाहीत. मूळ सेटिंगांत हा खेळ व्यवसायाचा आहे, धावपळीचा. पुढचे बदल केले की तो रुळांच्या मांडणीचा होतो: प्रतिस्पर्धी शून्य, बिघाड ‘नाही’, चलनवाढ बंद, आपत्ती बंद, वाहनांची मॉडेलं कधीच बाद न होणं चालू, जुनी वाहनं आपोआप बदलणं चालू, नगरपालिकेचा स्वभाव सगळ्यात मवाळ. बिघाड नसतील तर गाड्यांना देखभालीला पाठवणंही बंद करायचा पर्याय आहे, तो लावला नाही तर गाड्या उगाच डेपोच्या वाऱ्या करतात.

१४ व्या आवृत्तीत, म्हणजे एप्रिल २०२४ पासून, कालगणनेचे दोन प्रकार आहेत. ‘वॉलक्लॉक’ निवडला की कॅलेंडरचं वर्ष किती मिनिटांचं हे आपण ठरवतो. मूळ आकडा १२ मिनिटं. शून्य दिलं तर कॅलेंडर गोठतं, वाफेची इंजिनं कायम राहतात. ‘वॉलक्लॉक’चा पर्याय नवा डाव सुरू करण्याआधी लावावा लागतो. आणि याने गाड्यांचा वेग कमी होतो असा समज असतो, तो खरा नाही. गाड्या, माल, जमाखर्च त्याच गतीने चालतात. बदलतो तो फक्त तारखेचा आणि नव्या मॉडेलांचा वेग.

नकाशा २५६ × २५६. याहून मोठा घेतला तर गाड्या वाढल्यावर हा प्रोसेसर दमतो. जुन्या इंटेल ग्राफिक्सवर खेळ उघडताच कोसळत असेल किंवा पडदा फाटत असेल तर गेम ऑप्शन्समध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून पाहावं, आणि पूर्ण ॲनिमेशनही बंद.

आपोआप साठवलेले डाव वेगळ्या फोल्डरात फिरत्या क्रमाने राहतात, मूळ मर्यादा १६. बाहेर पडताना आपोआप साठवण्यासाठी कॉन्फिग फाइलीच्या ‘गुई’ विभागात ‘ऑटोसेव्ह-ऑन-एक्झिट’ची किंमत ‘ट्रू’ करायची. हे खेळ बंद असतानाच करायचं. चालू खेळ बाहेर पडताना ती फाइल स्वतः पुन्हा लिहितो आणि केलेला बदल पुसून जातो.

७ डिसेंबर : सिग्नल

ओपनटीटीडीत शांतता भंगते ती कोंडीमुळे, आणि कोंडी जवळपास नेहमी सिग्नलच्या जागेमुळे होते. नव्या मांडणीत ब्लॉक सिग्नल (पूर्ण टप्पा एकाच गाडीसाठी राखणारे) वापरायची गरज नाही, सगळीकडे एकदिशा पाथ सिग्नल (फक्त गाडीची वाट राखणारे).

नियम असा: जिथे गाडी थांबलेली चालेल तिथेच सिग्नल. फाटा ओलांडल्याबरोबर सिग्नल ठेवला की गाडी त्याच्यापाशी थांबते आणि तिचं शेपूट फाट्यावर राहतं. आडव्या रुळाच्या गाड्या अडतात, त्यांच्या मागच्या अडतात, आणि वर्तुळ पूर्ण झालं की काहीच हलत नाही. फाट्याच्या आधी सिग्नल, फाट्यानंतर पुढच्या सिग्नलपर्यंत निदान एका गाडीच्या लांबीची मोकळी जागा. दोन डबे म्हणजे एक चौकट. ५ चौकटींची गाडी असेल तर अंतर ५ च्या खाली नको आणि फलाटही ५ चा. सगळ्या गाड्या एकाच लांबीच्या ठेवल्या की पुढे मोजावं लागत नाही.

टर्मिनस स्टेशनला येणाऱ्या रुळावर, रूळ बदलण्याच्या कैचीच्या आधी, एकच पाथ सिग्नल पुरतो. फलाटांच्या तोंडाशी सिग्नल लावू नयेत. कंट्रोल दाबून सिग्नल ओढला तर पुढच्या फाट्यापर्यंत ठरावीक अंतराने सिग्नल आपोआप लागतात.

सिग्नल बरोबर असूनही स्टेशन तुंबत असेल तर ऑर्डर पाहायच्या. ‘पूर्ण भरेपर्यंत थांबा’ असलेल्या गाड्या फलाटांपेक्षा जास्त असल्या की सगळे फलाट थांबलेल्या गाड्यांनी अडतात आणि उतरवायला आलेली गाडी बाहेर उभी. भरण्याचं आणि उतरवण्याचं स्टेशन वेगळं करणं हा कायमचा उपाय.

१३ डिसेंबर : नकलप्रत

घरच्या फोल्डरातल्या सेटिंगा, मजकूर, साठवलेले डाव हे सगळं ‘आरसिंक’ या नकला करणाऱ्या आज्ञेने बाहेरच्या ड्राइव्हवर. स्रोताच्या शेवटी तिरकी रेघ असली तर फोल्डरातलं सामान जातं, नसली तर फोल्डरच जातो. या फरकात ‘डिलीट’चा पर्याय मिसळला की भलतंच पुसलं जाऊ शकतं. आधी ‘एन’ पर्यायाने कोरडी फेरी, यादी वाचायची, मगच खरी.

ड्राइव्ह ईएक्सटी४ केला. एक्सफॅटवर फाइलींच्या परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे नेणारे दुवे) राहत नाहीत. परत आणल्यावर आइसडब्ल्यूएमची ‘स्टार्टअप’ फाइल चालवण्याजोगी असेल याचा भरवसा नसतो, आणि ती न चालल्याचं कुठेही लिहून येत नाही. इतर यंत्रांसाठी एक्सफॅटच हवा असेल तर आधी टारमध्ये बांधायचं, परवानग्या टारच्या आत टिकतात. फॅट३२ असेल तर फाइलीला ४ जीबीची मर्यादा, आणि वेळेची नोंद २ सेकंदांच्या टप्प्यात असल्यामुळे ‘आरसिंक’ न बदललेल्या फाइलीही पुन्हा पाठवतो. ‘मॉडिफाय-विंडो’ची किंमत १ दिली की ते थांबतं.

२० डिसेंबर : कागदावर

टॅथमच्या संचातली छापता येण्याजोगी कोडी आज्ञेवरूनच पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेत निघतात. ‘जनरेट’ला १२ आणि ‘प्रिंट’ला २ × ३ दिलं, शेवटी कोड्याचा आकार लिहिला, की पानावर दोन स्तंभ, तीन ओळी अशी सहा, एकूण दोन पानं. ‘विथ-सोल्युशन्स’ जोडलं तर उत्तरंही छापली जातात. घोस्टस्क्रिप्टच्या ‘पीएस२पीडीएफ’ने पीडीएफ करून घ्यावं, बरेच प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट थेट घेत नाहीत.

छपाईला ‘लूपी’, ‘सोलो’, ‘पॅटर्न’ आणि ‘ब्रिजेस’ उत्तम. ‘नेट’ छापण्याची सोय नाही, फिरवायच्या चौकटी कागदावर फिरत नाहीत, तेव्हा त्याऐवजी ‘स्लँट’ घ्यावा. लूपी ७ × ७ च्या वर नेला तर सहा कोड्यांच्या पानावर ठिपके फार जवळ येतात. मोठ्या आकाराला १ × २ ची मांडणी.